कॅसेटची दुसरी बाजू

सकाळी माझ्या लेकीनं, मुक्तानं, फोनवर एक जुनी मैफल लावली. आमच्याकडे तिची कॅसेट होती. आता अख्खी मैफल नव्या अल्बममधून आली आहे. फोनच्या काचेवर एक बारीक रेघ पुढं सरकत होती आणि मी तिच्याकडे नुसता बघत होतो.

आमच्या कॅसेटची पहिली बाजू ऐन तानेत संपायची. तान वर चढायला लागली की मालती, माझी बायको, हातातली मेथी खाली ठेवायची, पदराला हात पुसायची आणि म्हणायची, "बसा तुम्ही, मी उलटते." खटका वाजायच्या आत ती टेपपाशी पोचलेली असायची. दुसरी बाजू सुरू व्हायची तेव्हा बुवा समेवर येऊन गेलेले असायचे. मधे ते काय गायले, आम्ही कधी ऐकलंच नाही. आमच्या लेखी त्या रागात तेवढी जागा मालतीच्या पावलांची होती.

ती तान आली. माझी नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. तान न तुटता वर गेली, फिरली, समेवर उतरली.

"बाबा, हा तुकडा आपल्याकडे नव्हता ना? काय सुंदर आहे!"

"हो," मी म्हणालो. सुंदरच असणार. मालती गेल्यापासून सुंदर गोष्टी सुंदर आहेत एवढं कळतं, पुढं काही होत नाही.

रेघ सरकत राहिली. गाणं चालूच होतं. कुणालाही उठावं लागलं नाही.