चष्मेवाला बोकड आणि आमचा अण्णा

सकाळी नऊच्या सुमारास महेशचा फोन आला. महेश म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा मुलगा. "आत्या, बाबा गेले," एवढ्यावर न थांबता तो पुढे म्हणाला, "त्या गेमसमोरच गेले." हे दुसरं वाक्य माझ्यासाठी होतं, ते मला तेव्हाच कळलं. खालापूरहून कर्जतला पोहोचेपर्यंत एसटीत मी रडले नाही, इतका राग आला होता. दिवसकार्याला येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तेच... सत्तरी उलटलेला माणूस, अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, आणि हा कॉम्प्युटरवर कार्टूनच्या मारामाऱ्या खेळत बसायचा. त्याला तो कॉम्प्युटर पुन्हा कुणी काढून दिला, तर शिकल्या-सवरलेल्या बहिणीने. सव्वा महिना मी गप्प राहिले. आता लिहूनच देते, होय, मीच दिला.

अण्णाची सगळी नोकरी भिवपुरीच्या वीजघरात गेली. निवृत्तीनंतर दहा-एक वर्षांनी तो कर्जतला महेशकडे राहायला आला, तेव्हा महेशने आपला जुना कॉम्प्युटर त्याला बातम्या वाचायला दिला. बातम्या वाचता वाचता एकदा कुठल्याशा जाहिरातीवर चुकून बोट पडलं आणि पडद्यावर एक बेडूक मुठी आवळून उभा राहिला. अण्णाला वाटलं, मशीन बिघडली. बंद करायला म्हणून त्याने हाताला लागेल ते बटण दाबलं, तर बेडकाने समोरच्या कोंबड्याच्या थोबाडीत दिली. झालं, बातम्या राहिल्या बाजूला. खेळ तसा साधा. आपण बेडूक, समोर एकामागून एक गडी. आधी कोंबडा, मग पोट सुटलेलं अस्वल, असं करत करत सगळ्यात शेवटी चष्मा लावलेला बोकड. मी दर गुरुवारी जायचे, तेव्हा चहा येईपर्यंत मला दोन-तीन लढती बघाव्याच लागत. पहिला महिनाभर तर अण्णा कोंबड्याकडूनच मार खात होता.

एके दिवशी माझ्या लक्षात आलं की हा एकाच हाताने खेळतोय. डावीकडच्या बटणांनी बेडूक हलवायचा, उजवीकडच्यांनी मारायचं, आणि हा उजवाच हात इकडून तिकडे नाचवत होता. डावा पाठीमागे लेंग्याच्या नाडीत खोचलेला.

"अण्णा, डावा हात मोडलाय का रं तुझा?"

त्याने वळून स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "आयला, ह्यो तिथंच जातोय गं अजून."

वीजघरात नवीन लागला तेव्हा त्याच्या वस्तादाने बजावलं होतं, पॅनेलवर काम करताना एक हात पाठीमागे ठेवायचा; दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो. जन्मभर त्याने ते पाळलं, म्हणूनच तर धडधाकट घरी आला. आता बेडकापायी ती सवय मोडायची होती. मग दर गुरुवारी मी शेजारी बसून त्याचा डावा हात बटणांवर दाबून धरायचे. "सोड गं, पळत नाय तो आता," असं म्हणायचा, आणि सोडला की पाचव्या मिनिटाला हात पुन्हा पाठीमागे!

पण शिकला रीतसर. नुसता बडवत सुटला नाही. नव्या गड्याशी पहिल्या काही लढती तो मुद्दाम हरायचा, एकही बटण न दाबता, फक्त बघायला. "हातांकडं बघायचं नाय, पायांकडं बघायचं. बोकड टक्कर द्यायच्या आधी एक पाऊल मागं जातोय," असं मला समजावून सांगायचा. दीड वर्षात, दोन्ही हातांनी, तो बोकडापर्यंत पोहोचला... आणि झटका आला. डावं अंग गेलं.

महेश वाईट मुलगा नाही. बापाच्या जिवाला जपावं म्हणून त्याने कॉम्प्युटर माळ्यावर टाकला आणि अण्णाला टीव्हीवरच्या कीर्तनासमोर बसवायला सुरुवात केली. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की दमू देऊ नका. तीन महिन्यांनी एका गुरुवारी अण्णा अडखळत म्हणाला, "मला नुसतं मुरत ठेवलंय गं, लोणच्यासारखं." मी उठले, स्टूल घेतलं आणि वयाच्या पासष्टीत माळ्यावर हात घातला. संध्याकाळी महेश घरी आला आणि भडकलाच. "आत्या, उद्या काय झालं तर जबाबदार कोण?" मी म्हटलं, "मी." म्हणायला सोपं गेलं. नंतर कर्जतचा फोन वाजला की उचलायच्या आधी देवाचं नाव घ्यायचे, तरी शब्द काही मागे घेतला नाही.

"तुजी सगळी मेहनत फुकट गेली बघ," अण्णा हसत म्हणाला, "परत एका हातावर आलो." खेळात कुठेतरी बटणं बदलायची सोय होती, ती त्याने स्वतःच हुडकली. सगळी बटणं उजव्या हाताच्या बोटांखाली आणली आणि कोंबड्यापासून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तोच मार. सात महिन्यांत तो परत बोकडासमोर उभा राहिला, आणि महिनाभर रोज हरला. आवाज स्पष्ट यायला लागला होता, दोन घास जास्त जात होते. आणि मग एका सकाळी महेशचा तो फोन आला. अण्णा खेळामुळे गेला की वयामुळे, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पाहुण्यांना मात्र लगेच समजलं.

तेरावं झालं, माणसं पांगली. महेश कॉम्प्युटरच्या वायरी काढायला लागला. मी म्हटलं, एकदा लाव. हरलेल्या गड्यांच्या तोंडावर त्या खेळात पट्टी चिकटवलेली दिसते. कोंबड्याला होती, अस्वलाला होती, ओळीने सगळ्यांना होती. बोकडाचं तोंड स्वच्छ होतं. तेव्हा मात्र मी रडले, पोटभर रडले.

"म्हणजे हरलेच," महेश म्हणाला.

"हरला. पण खेळून हरला. निजवून ठेवलेला नव्हता. आता तू बस."

माझं मन राखायला तो बसला. बटणं आपल्या सोयीने दोन्ही हातांत वाटून घेतली आणि नवा डाव लावला. कोंबड्याने त्याला अर्ध्या मिनिटात लोळवलं. दुसऱ्यांदा लोळवलं. तिसऱ्यांदा हरल्यावर त्याने मान वळवून विचारलं, "आत्या, बाबा एका हाताने कुठपर्यंत गेले होते?"

मी बोकडावर बोट ठेवलं.

त्याने बोकडाकडे एकदा पाहिलं. आता बंद करेल, असं मला वाटलं. पण त्याने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि पुन्हा कोंबडा लावला. चहा आला, गार झाला. मी त्याला 'बस कर' म्हटलं नाही.