ग्रिलला टांगलेल्या सीड्या

ये गं, अशी जवळ बस. पुण्यात बसून फोनवर नुसतं "हो आई, हो आई" करतेस आणि मध्येच "कुकर लागलाय" म्हणून ठेवून देतेस. म्हणून आज लिहूनच पाठवतेय. हे वाचताना तरी कुकरचं निमित्त सांगू नकोस.

काल माझ्या नातीबद्दल मोठ्या तोऱ्यात मला सांगितलंस, "आई, ही पोरगी दिवसभर दार लावून ती जुनी रडकी इंग्रजी गाणी ऐकते. डोळ्यांत बोटभर काजळ. मी हेडफोनच काढून घेतले. चार दिवस झाले, माझ्याशी बोललेली नाही." शाब्बास! हा शहाणपणा आपल्या घरात एकदा होऊन गेलाय बाई, आणि तो मी केलाय. तू विसरली असशील, मी नाही.

तेव्हा आपण जुईनगरला नवीन राहायला आलो होतो. तू अकरावीत. केस अर्ध्या तोंडावर, एक काळा टी-शर्ट धुवायला टाकला की अंगात दुसरा काळा. समोरच्या वहिनी मला जिन्यात गाठून विचारायच्या, "काय हो, मुलीचा एक डोळा आलाय का?" मी हसण्यावारी न्यायचे, पण आतून टेन्शन. तुझ्या खोलीतून तो आवाज यायचा. कुणी मुलगा आपला हळू, बोलल्यासारखा गातोय, गातोय, आणि एकदम बेंबीच्या देठापासून ओरडतोय. मला वाटायचं, याला कुणीतरी मारतंय.

त्याच वर्षी कबुतरांनी उच्छाद मांडला होता. सोसायटीत सगळ्यांचा एकच उपाय, जुन्या सीड्या सुतळीत ओवून गॅलरीच्या ग्रिलला टांगायच्या. ऊन पडलं की चमकतात, कबुतर बिचकतं. आपल्याकडे जुन्या सीड्या नव्हत्या. तुझ्या टेबलाच्या खणात मात्र बावीस होत्या, प्रत्येकीवर मार्करने बँडचं नाव आणि कोपऱ्यात फुटलेलं बदाम. तुझ्या बाबांना मी सांगितलं, टाकाऊ वाटल्या म्हणून टांगल्या. ते खोटं. मला चांगलं कळत होतं त्या काय आहेत ते. म्हटलं, कबुतरंही जातील आणि हे रडगाणंही जाईल.

क्लासवरून येताना तुला खालूनच दिसल्या. गेटपाशी उभी राहून वर बघत होतीस. मला वाटलं, आता येऊन थयथयाट करणार. तर तू वर आलीस, चपला काढल्यास, खोलीत गेलीस आणि कडी लावलीस. पुढे नऊ दिवस तोंडातून शब्द नाही. क्लासला जायचीस, यायचीस, ताट दारात ठेवलं की रिकामं परत यायचं. कबुतरं गेली नाहीत ती नाहीतच. घर मात्र गप्प झालं, आणि मला खरी भीती तेव्हा वाटली. गाणी चालू होती तोवर निदान कळत तरी होतं, आत कुणीतरी आहे.

दहाव्या दिवशी तू क्लासला गेल्यावर मी सुतळी सोडली. एकेक सीडी ओल्या फडक्याने पुसून कॉम्प्युटरला लावली. कॉम्प्युटर मी तुझं बघून बघून शिकले होते. एकवीस अडखळल्या, एक चालली. शेजारी तुझी वही उघडली, तू गाण्यांचे शब्द उतरवून ठेवायचीस ती. माझं शिक्षण सातवी, इंग्रजी दुकानांच्या पाट्यांवरून उचललेलं. बोट ठेवून, डिक्शनरी चाळून एका गाण्यात अख्खी दुपार गेली. आणि निघालं काय त्यातून? त्याला त्याच्या गावातून बाहेर पडायचंय, ती फोन उचलत नाही, बापाशी बोलायचंय आणि जमत नाही. मरणाचंही होतं थोडं, पण आपल्या भजनांत ते काय कमी असतं?

आणि ते ओरडणं. ते तर मला झटकन कळलं, डिक्शनरी लागलीच नाही. माझ्या माहेरी, गावात माणूस गेलं की बायका हेल काढून रडायच्या. आधी हळू, गेलेल्याला नात्याने हाका मारत, त्याच्या आठवणी सांगत, आणि मग आवाज फुटायचा. जिला हेल काढता यायचा नाही, तिचीच सगळ्यांना काळजी. "तिला रडवा गं," म्हणायच्या म्हाताऱ्या. हे ऐकत मी मोठी झाले आणि माझ्याच घरात मला ते ओळखू आलं नाही!

शेवटी तर सगळे मिळून एकच ओळ झेलत होते, अगदी आमच्या गुरुवारच्या भजनासारखे. मला राहवेना. खुंटीवरचे टाळ काढले आणि धरला ठेका. तू दारात कधी येऊन उभी राहिलीस, कळलंच नाही.

"आई, ताल चुकतोय."

"माझा नाही. तुझा ढोलवाला धावतोय."

हसलीस, मग रडलीस, मग जी बोलायला लागलीस ती जेवणाची वेळ टळली तरी थांबेना. ही पोरं अमेरिकेतल्या लहान गावांतली, बापाच्या गॅरेजमध्ये वाजवत मोठी झालेली, एका व्हॅनमध्ये सामान कोंबून गावोगाव फिरलेली. त्यांचा फोटो दाखवलास. लग्नातल्या बँडवाल्यांसारखे कोट, चेहरे उतरलेले.

"जेवलेत का गं हे?" मी विचारलं.

"आई, ते दुःखी आहेत."

"म्हणूनच विचारलं. आणि यांचे आईबाप ओरडत नाहीत?"

"ओरडतात ना. म्हणून तर गाणी होतात."

त्यानंतर तू दार लावलंस, पण कडी कधी घातली नाहीस.

तर आता ऐक. तुझे चारच दिवस झालेत, नऊ होऊ देऊ नकोस. हे वाचून झालं की ऊठ आणि हेडफोन तिच्या हातात दे. उपदेश करू नकोस, एक गाणं मलाही ऐकव म्हण. तिच्या वयाची असताना तूही हेच ऐकायचीस, हे तरी सांगितलंयस का तिला? ती चाललेली सीडी माझ्या भजनाच्या वहीत अजून आहे, आणि जुना डीव्हीडी प्लेअर मी परवाच दुरुस्त करून आणलाय. टाळही पुसून ठेवलेत, दोन जोड. तिला घेऊन ये गं, शनिवारीच ये. दिवाळीपर्यंत नको थांबूस.