दोन काठांची दोन सालं

"तुमच्या बाईंचा नवरा मूल होण्याच्या दीड वर्ष आधीच वारलाय," सोलापूरचे दातेसाहेब कोर्टाच्या व्हरांड्यात मला म्हणाले. "आणि हे मला समोरच्या वकिलाकडून कळतंय!"

प्रकरण मीच त्यांच्याकडे आणलं होतं. मी गुलबर्ग्याचा वकील. माझी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, निजामाच्या काळातली. शिक्षण उर्दूत, अर्ज उर्दूत, कोर्टात बोलणंही उर्दूत. पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. हैदराबाद हिंदुस्थानात आलं होतं, पण आमची डोकी अजून करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्याअलीकडेच होती. माझं इंग्रजी तार वाचण्यापुरतं. सोलापूरच्या कोर्टात उभं राहायचा मला अधिकार नव्हता, म्हणून तिथे दातेसाहेब उभे राहणार आणि इकडचे कागद मी पुरवणार, अशी आमची वाटणी होती.

बाईंचं नाव शांताबाई, सगळे त्यांना शांताक्का म्हणत. सासर अफजलपूरजवळ, भीमेच्या अलीकडच्या काठाला. माहेर पलीकडे, सोलापूर जिल्ह्यात. नवरा तापानं गेला तेव्हा त्या पोटुशी होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. म्हणून नवऱ्याच्या मृत्यूची नोंद झाली निजामाच्या राज्यात, आणि मुलाच्या जन्माची नोंद झाली इंग्रजांच्या. एकच घर, पण कागद दोन मुलखांचे. सासरची काही जमीनही नदीपलीकडे होती. त्यात मुलाचा हिस्सा मिळावा म्हणून सोलापूरला दावा लावला होता.

दीर संगप्पा आधी नुसता टाळाटाळ करत होता. मृत्यूच्या नोंदीचं इंग्रजी भाषांतर कोर्टात दाखल झालं आणि त्याचा सूर बदलला. आता तो लेखी म्हणत होता, हे मूल आमच्या भावाचं नव्हेच.

कायदा असा आहे, की नवरा वारल्यापासून दोनशे ऐंशी दिवसांच्या आत मूल झालं आणि बाईनं दुसरं लग्न केलेलं नसलं, तर ते नवऱ्याचंच धरतात. इथे भाषांतराप्रमाणे दीड वर्ष होत होतं. म्हणजे जमीन तर जाणारच, पण बाईंच्या नावाला कायमचा काळिमा लागणार.

मी शांताक्कांना बाजूला घेतलं.

"अक्का, यजमान कुठल्या साली वारले?"

"साल मला काय कळतंय, वकीलसाब? पंचमीच्या चार रोज आधी गेले. मला तिसरा लागला व्हता. शिवरात्रीच्या अगूदर ल्येकरू झालं."

"पण कागद वेगळं सांगतोय."

"कागद कामून येगळं सांगंल?"

आणि मग मी ते विचारलं, जे आठवलं की आजही मान खाली जाते. म्हटलं, "अक्का, माझ्यापाशी लपवू नका. खरं काय ते सांगा."

त्या पदर सावरून जरा लांब जाऊन उभ्या राहिल्या.

मी पुन्हा माझा कागद काढला. पटेलाच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या, दप्तरातली उर्दू नक्कल. तेराशे पंचावन्न फसली, म्हणजे महसुलाच्या कालगणनेचं साल, महिना मेहर. मेहर म्हणजे साधारण ऑगस्ट. नागपंचमीशी जुळत होतं. दातेसाहेबांच्या हातातल्या भाषांतरातही महिना ऑगस्टच होता. मला वाटलं, माझा कागद बरोबर, त्यांचा कागद बरोबर, मग बाईच चुकत असणार. त्यांच्या कागदावर इंग्रजी साल एकोणीसशे पंचेचाळीस घातलं होतं. ते मी पाहिलं, पण हिशेब काही केला नाही. कोर्टाच्या भाषांतरकारानं घातलंय म्हणजे बरोबरच असणार, असं धरून चाललो. उलट मूल सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत झाल्याची नोंदच चुकली असेल का, म्हणून दोन दिवस मी त्याच्यामागे धावलो. ती नोंद चोख होती. डोकं पार चक्रावून गेलं.

शेवटी दातेसाहेबच म्हणाले, "बसप्पा वकिलांना दाखवू."

बसप्पा वकील मूळचे बसवकल्याणचे. आधी त्यांनी हैदराबादची सनद घेतली होती. रझाकारांच्या धामधुमीत सोलापूरला आले ते तिथेच राहिले. मुंबई इलाख्याचीही सनद त्यांच्याकडे होती, त्यामुळे दोन्हीकडच्या कोर्टांत ते उभे राहू शकत. माणूस तिरसट. त्यांनी उर्दू नक्कल डावीकडे ठेवली, इंग्रजी भाषांतर उजवीकडे. दोन्ही कागद शेजारी ठेवून दोन्ही वाचणारा माणूस या प्रकरणात आतापर्यंत कोणीच आला नव्हता.

"महिना बरोबर हाय," ते म्हणाले. "साल कुणाचं धरलंत?"

"फसलीचं," दातेसाहेब म्हणाले. "फसली काय आम्हाला नवीन आहे? आमच्या वसुलीत रोज लागतं. भाषांतरकार त्यात मुरलेला आहे."

"तिथंच घोटाळा झालाय. नवीन असतं तर त्यानं कुणाला तरी इचारलं असतं. कुणाचं फसली, म्हणतोय मी."

बसप्पांनी दोन्ही कागद आमच्याकडे सरकवले.

"तुमचं फसली मृगाला सुरू व्हतंय, जूनमधी. निजामाचं ऑक्टोबरात. आकडा एकच. पन जून ते सप्टेंबर तुमच्याकडं नवीन साल लागलेलं असतंय आन् आमच्याकडं जुनंच चालू असतंय. आमच्या पंचावन्नचा मेहर म्हंजे शेचाळीसचा ऑगस्ट. तुमच्या मानसानं तुमचं पंचावन्न धरून पंचेचाळीसचा ऑगस्ट केला."

मी बोटांवर मोजायला लागलो. एकदा एक उत्तर आलं, दुसऱ्यांदा दुसरं. बसप्पांनी माझा हात धरून खाली ठेवला.

"ऱ्हाऊ द्या वकीलसाब, जंत्री हाय माझ्याकडं."

जंत्री म्हणजे निजाम सरकारचं छापील पंचांग. त्यात फसली आणि इंग्रजी तारखा शेजारीशेजारी असत. शेचाळीसचा ऑगस्ट ते सत्तेचाळीसचा फेब्रुवारी, जेमतेम सहा महिने. शांताक्का पहिल्या दिवसापासून हेच सांगत होत्या.

कोर्टात जज्जसाहेबही गोंधळले. बसप्पांकडून त्यांनी तीनदा समजावून घेतलं, जंत्री स्वतः चाळली, भाषांतरकाराला समोर उभं केलं. तो बिचारा प्रामाणिक होता. म्हणाला, "साहेब, निजामाचं साल दुसऱ्या महिन्यात लागतं हे मला ठाऊकच नव्हतं." संगप्पाला मात्र भाऊ कधी गेला हे पक्कं ठाऊक होतं. भावाला माती देताना तो हजर होता. कागद चुकला आणि त्याच्या फायद्याचा चुकला, म्हणून तो गप्प बसला. मला त्या माणसाचा फार संताप आला. पण जरा वेळानं वाटलं, आपण तरी कोणते शहाणे?

निकाल शांताक्कांच्या बाजूनं लागला. मुलाचा हिस्सा मान्य झाला. मी आनंदानं त्यांना निकालाची नक्कल दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"हे इंग्रजी हाय नव्हं?"

"व्हय."

"माझी बदनामी मराठी-कानडीत झालीया. हे गावात कोन वाचनार?"

म्हणून पुढच्या सोमवारी बसप्पा आणि मी त्यांच्या सासरच्या गावी गेलो. चावडीत माणसं जमली. संगप्पा कडेला बसला होता. बसप्पांनी निकाल आधी कानडीत सांगितला, मग मराठीत. लोकांनी माना डोलावल्या. बरेचजण तर दोन सालांच्या हिशेबातच अडकले. म्हाताऱ्या पटेलानं विचारलं, "मंग चूक कुनाची म्हनायची?"

बसप्पांनी भाषांतरकाराचं नाव घ्यायला तोंड उघडलं. शांताक्का मात्र माझ्याकडे बघत होत्या. रागानं नव्हे, नुसतं बघत होत्या.

मी उठलो. "माझी," म्हणालो. "मला उर्दू येत होतं. भाषांतरातलं साल माझ्या डोळ्यांसमोर होतं. ते तपासायचं सोडून मी अक्कांवर संशय घेतला."

शांताक्कांनी तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "पानी प्या वकीलसाब. उन्हातनं आलाव."

पुढं वकिलीच्या उभ्या हयातीत, दोन मुलखांत पाय असलेलं प्रकरण आलं की मी दोन्हीकडची सनद असलेल्या वकिलाला आधी गाठत असे. त्याची फी जास्त असते. ती द्यावी. आणि पक्षकार एक म्हणतोय, कागद दुसरं म्हणतोय, असं झालं, तर उलटतपासणी आधी कागदाची घ्यावी.