अक्काची येळवस

कार्तिक सरत आला होता. विष्णुपुरीतल्या आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तेव्हा शैलाचा फोन आला. "मावशी, आई गेली. पहाटं, झोपेतच…" शैला म्हणजे माझ्या मैत्रिणीची, महादेवीची लेक. महादेवीला सगळे अक्का म्हणत. तिचं माहेर उदगीरकडचं, निम्मं कानडी, तिथूनच हे नाव तिच्यासोबत आलेलं. माझ्याहून ती आठ वर्षांनी मोठी. दुपारी अहमदपूरजवळच्या तिच्या सासरी पोचले, माती दिली, संध्याकाळच्या एसटीनं परतले. रडू काही आलं नाही. ते आलं पुढं तीन आठवड्यांनी, मंडईत तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग दिसला तेव्हा.

मुखेडच्या शाळेत नोकरीला लागले, तेव्हा मी बाविशीची होते. राहायला खोली मिळत नव्हती. आडनाव सांगितलं की घरमालकाकडं नेमके पाहुणे येणार असायचे. अक्का त्याच शाळेत शिकवायची. नवरा गावी शेतीवर, आणि ही दीड वर्षाच्या शैलाला घेऊन इथं खोली करून राहिलेली. आठवडाभर माझी वणवण बघून एक दिवस म्हणाली, "सुमन, माझ्या खोलीत दोन स्टो मावत न्हाईत. एकावरच भागवावं लागंल. चालंल का?" माझ्यासारखीच्या हातचं तिला चालेल का, हा प्रश्न खरं तर मी विचारायचा होता. तिनं तो माझ्यापर्यंत येऊच दिला नाही. त्या एका स्टोवर आम्ही नऊ वर्षं रांधलं.

आमच्या लातूरकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात जेवतात. कडब्याची कोप उभारायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पूजायचे, मातीच्या बिंदगीत ज्वारीची आंबील, सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे आणि भज्जी. बाहेरच्या वाचकाला भज्जी म्हटलं की तळण आठवेल, पण ही ती नव्हे. तुरीचे दाणे, वाटाणा, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, मेथी, कांद्याची पात असं सगळं एकत्र शिजवायचं आणि त्याला बेसन लावायचं. अक्काच्या सासरी बेसन ताकात कालवायचे, ती मात्र माहेरच्या रीतीनं चिंचेच्या कोळात कालवायची आणि लसूण न ठेचता चिरून घालायची. "भज्जी म्हंजे रानाची हजेरी," ती सांगायची. "जे उभं हाय, त्येनं हजर म्हणायचं." शेवटी मास्तरीणच ती.

माझ्या आईकडं रान नव्हतं. येळवशीला मालकांची जेवणं उरकली की ती पातेलं घेऊन बांधाबांधानं फिरायची. वाढणारे वरून वाढायचे. एकदा आई मुखेडला आली, तेव्हा अक्कानं तिला तिच्या भज्जीबद्दल खोदून खोदून विचारलं. आई हसत सांगत होती, "पाच-सात रानांची भज्जी एकाच पातेल्यात पडायची. कुणाची आंबट, कुणाची तिखटजाळ. घरी आणून पाणी-मिरची घालून उकळी द्यायची. मालकाला एकाच रानाची चव, आमाला समद्या शिवाराची."

"मावशी, मला तसली करून खाऊ घाला की," अक्का म्हणाली.

"ती करायची नसती बाई. ती मागून आणायची असती."

आई अजूनही हसतच होती. अक्कानं मात्र हातातली मेथी तशीच खाली ठेवली.

त्याच साली ती मला येळवशीला स्वतःच्या रानात घेऊन गेली. तिच्या थोरल्या जावेनं माझं पान पंगतीपासून लांब, पलीकडच्या बांधावर मांडलं. अक्कानं आपलं भरलेलं ताट उचललं आणि माझ्या शेजारी येऊन मांडी घालून बसली. निघताना जाऊबाई तिला एवढंच म्हणाल्या, "फुडल्या साली बाईंना आणायचं न्हाई."

"मंग मी बी येत न्हाई."

मला वाटलं, रागाच्या भरातलं बोलणं आहे. पण त्यानंतर अकरा वर्षं अक्का येळवशीला आपल्या रानात गेली नाही. तिचे यजमान आदल्या दिवशी एसटीनं मुखेडला यायचे. धोतराच्या जुन्या पानात तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, मेथी असं रानात उभं असलेलं सगळं बांधून आणायचे. गाठोडं उंबऱ्याशी ठेवून परतीची गाडी धरायचे. पुढं माझं लग्न झालं, बिऱ्हाडं वेगळी झाली, तरी त्या दिवशीची भज्जी एकत्रच. नंतर तिचे सासरे थकले. त्यांच्या शब्दाखातर ती पुन्हा रानात जाऊ लागली. जाण्याआधी माझ्याकडं आली आणि मान खाली घालून म्हणाली, "जाऊ का?" मीच तिच्यावर रागावले. मी स्वतः मात्र त्या बांधावर परत कधी पाय ठेवला नाही.

घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत त्या घरी सणाची चूल पेटत नाही. रानाची पूजा मात्र चुकवत नाहीत; सोयरे, शेजारी डबे आणतात. मंडईतल्या त्या शेंगा बघितल्या आणि मी ठरवलं. अमावास्येला पहाटे उठून भज्जी केली, पातेलं फडक्यात बांधलं आणि एसटी धरली. वाटेत दोनदा वाटलं, उतरावं आणि परत फिरावं. जाऊबाई भज्जी घ्यायचीच नाही म्हणाल्या तर? साठी उलटली तरी ती धास्ती गेलेली नव्हती.

अक्काच्या रानात पोचले, तशी शैला बांधावरून धावत आली आणि गळ्यात पडली. कोपीपाशी थोरल्या जाऊबाई बसल्या होत्या. नव्वदीच्या, पाठीचा कणा पार वाकलेला. "कोण?" त्यांनी विचारलं. शैलानं सांगितलं. जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि समोरचं ताट पुढं सरकवलं. "वाढ."

मी वाकून वाढलं. त्यांनी एक घास घेतला, सावकाश चघळला. "लसूण ठेचला न्हाईस. चिरलास."

"हाव."

"महादेवीच्या हातची हाय ही."

"न्हाई, मी केली."

"त्येच म्हणायलेय मी," त्या म्हणाल्या आणि शेजारचं पोतं हातानं झटकून मला बसायला जागा केली.

आता भाजी साधी असो की सणाची, लसूण चिरायला घेतला की माझा हात आपोआप थोडा मंदावतो. अक्का चिरायची तसा, नखाएवढ्या चकत्या पडेपर्यंत.