पंचफुलाताईंचा आहेर

काळा कोट चढवताना वकील पंचफुलाताईंना अजूनही तेल्हाऱ्यातली ती सकाळ आठवते. तेव्हा कापूस येईनासा झाला, सरकी काढणारी जिनिंग बंद पडली आणि ताईंची तिथली कारकुनी सुटली. अर्धवट राहिलेलं वकिलीचं शिक्षण आता चाळिशीत पुरं करायचं होतं, पण अमरावतीत राहून शिकण्याचा खर्च झेपणारा नव्हता. बिनलग्नाच्या ताईंनी गल्लीतल्या प्रत्येक लग्नात आहेर केला होता. त्यांच्या दारी मात्र कधी मांडव पडला नव्हता.

त्या सकाळी शेजारची रजियाबी गल्लीतल्या बायांना घेऊन आली. प्रत्येकीच्या हातात ‘शुभविवाह’ छापलेलं पाकीट.

“लगन नाई केलं म्हणून तुहा आहेर बुडवावा काय आमी? घे, अन् जाय अमरावतीले!”

आता गल्लीतलं कुणी पोरगं फी काढायला लागलं, की ताई खेकसतात, “ठेव खिशात! तुह्या मायनं माह्या लग्नात आहेर केला हाय.”