दातांतल्या टाचण्या

कात्रीबाईची हयात कापड बेतण्यात गेली. हे नाव तिला हातापेक्षा जिभेमुळे पडलं, असं तिची धाकटी बहीणच सांगत फिरायची. मग एक दिवस मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि उजव्या हाताची मूठ मिटली ती उघडेचना. दुकानातलं कापायचं टेबल तसंच राहिलं.

इस्पितळात मोटरवर चालणारा एकच हातमोजा होता. बोटं उघडायचं नुसतं मनात आलं तरी डोक्यावरची तारांची टोपी ते टिपायची आणि मोजा बोटं उघडायचा. पण ज्याच्या मेंदूची लाट दाद देईल, त्यालाच तो उपचार मिळणार. आज तेच ठरायचं होतं.

टोपी अन् मोजा चढवता चढवता तपासनीस बाईंनी समजावलं. हात निवांत असला की मेंदूच्या त्या भागात एक लाट संथ चालू असते. हात हलवायचं मनात आलं, की तो हलण्याआधीच ती खाली बसते. म्हणजे गिऱ्हाईक दारात दिसलं की आमच्या कारागिरांच्या गप्पा थांबतात तसं, कात्रीबाई म्हणाली. तिला भीतीबिती काही नव्हती.

तिनं मनातल्या मनात कात्री उघडली. लाट बसायची सोडून पडद्यावर काटेरी रेघांचा गोंधळ उठला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पडद्याशी उभे असलेले डॉक्टर चुळबुळ करू लागले. तिचा पारा चढला. माझ्या हातात जीव आहे, तुमच्या टोपीतच नसेल, असं तिनं सुनावलं.

"टोपी ठीक आहे, मावशी," तपासनीस बाई म्हणाल्या. " तुम्ही जबडा आवळताय. त्या स्नायूंच्या कलकलाटात लाट झाकली जातेय."

"मी कशाला आवळू?"

सोबत आलेली बहीण फिस्सकन हसली. "टाचण्या गं, आक्का. कात्री उचलली की तू टाचण्या दातांत धरतेस. आत्ताही धरून बसलीयस."

कात्रीबाईनं डाव्या हातानं जबडा चाचपला, तो खरंच आवळलेला होता. तिनं डोळे मिटले. मनातल्या टेबलाशी उभी राहिली, दातांतली एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या गादीला टोचली. जबडा सैल पडला. मग जाड कापड पसरलं आणि कात्री उघडली.

पडद्यावरची लाट खाली बसली. मोजा घरघरला, बोटं हळूहळू उलगडली.

डॉक्टर हसून म्हणाले, तुमचं नाव पक्कं.

"ते होईल हो," कात्रीबाई डोळे न उघडताच म्हणाली. "आधी पुन्हा चालवा. कापड अर्धंच कापलंय."