औषध कपाटात होतं

साठ सालानंतरची चार-पाच वर्षं मी आमच्या किनाऱ्यावरच्या एका लहान इस्पितळात परिचारिका होते. वीस खाटा, एक वयस्कर डॉक्टर, आम्ही तिघी परिचारिका. मोठी शस्त्रक्रिया आमच्याकडे होत नसे. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि वैशाखात, कोल्हापूरहून एक सर्जन आठ दिवसांसाठी येत. आमचे डॉक्टर आणि ते एकाच कॉलेजात शिकलेले. त्या मैत्रीखातरच ते येत.

त्यांच्याबरोबर एक लांबट पेटी असे. तिच्यात पोलादाची सरळ नळी, हातभर लांब, टोकाला तांदळाएवढा दिवा. रोग्याच्या घशात बधिर करणारा फवारा मारायचा, त्याला उताणा निजवून डोकं टेबलाच्या कडेबाहेर लोंबतं ठेवायचं आणि ती नळी तोंडातून अन्ननलिकेत उतरवायची. सर्जन एका डोळ्याने आत बघत. ज्यांच्या आतल्या शिरा फुगून फुटायला आलेल्या असत, त्यांच्या त्या शिरेत नळीतूनच एक लांब सुई घालून औषध टोचत. औषधाने शीर आतल्या आत घट्ट होऊन बुजून जाई.

या सगळ्यात लोंबतं डोकं धरणारं माणूस लागे. स्टुलावर बसून दोन्ही हातांत डोकं घ्यायचं आणि सर्जन सांगतील तसं ते वर, खाली, जरा डावीकडे न्यायचं. डोकं हललं तर पोलादाची नळी आत भोक पाडील. पहिल्याच वर्षी सर्जननी आम्हा तिघींना हात पुढे करायला सांगितले आणि माझी निवड केली. तेव्हापासून डोकं धरायचं काम माझंच.

माझा मोठा भाऊ आचऱ्याला प्राथमिक शाळेत मास्तर होता. लहानपणी त्याला वर्ष वर्ष ताप येत असे, त्यात त्याची प्लीहा वाढली ती वाढलेलीच राहिली. एवढं सोडलं तर माणूस धडधाकट. एका सकाळी चौथीच्या वर्गात फळ्यावर गणित लिहिता लिहिता त्याला उलटी झाली आणि पुढच्या बाकापर्यंत रक्तच रक्त झालं. त्याला गाडीत घालून आमच्याकडे आणला तेव्हा त्याचे ओठ मेणासारखे झाले होते. बंदरावरून मासळीचा बर्फ आणवला, त्याचं पाणी रबरी नळीने पोटात सोडलं. माझं रक्त जुळलं, ते दिलं. तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं.

रक्ताची उलटी म्हणजे दारू, हे आमच्याकडे लोकांनी ठरवूनच टाकलेलं. शाळेतसुद्धा कुजबुज सुरू झाली. वहिनी इस्पितळाच्या मागच्या पडवीत माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ तिने पदराशी चाळा केला. मग म्हणाली, "बाये, खरा सांग. हे कायतरी घेतत?"

"नाय वयनी. थेंबसुद्धा नाय," मी सांगितलं. प्लीहेपाशी रक्ताची वाट तुंबली आहे, म्हणून ते अन्ननलिकेच्या शिरांत चढतं, हे मी तिला समजावलं. तिने मान हलवली. तिला पटलं की नाही ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

बारा दिवसांनी सर्जन आले. रोगी माझा भाऊ आहे हे कळल्यावर त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. नातेवाईक टेबलाजवळ नको, असा त्यांचा नियम होता. पण दुसऱ्या दोघींपैकी एक रजेवर होती आणि दुसरीने कधी डोकं धरलं नव्हतं. शेवटी त्यांनी दादालाच विचारलं. दादा म्हणाला, "तीच धरूंदे. तिचे हात माका ठावक आसत."

मी स्टुलावर बसले. त्याचं डोकं माझ्या तळव्यांत आलं तेव्हा मला उगाच वाटलं की ते इतकं जड असायला नको. नळी आत जाताना त्याचे डोळे माझ्याकडे लागले होते. मला ते उलटे दिसत होते. पाणी कानशिलांकडे वाहत होतं आणि पुसायला माझा हात मोकळा नव्हता.

पहिली शीर झाली, दुसरी झाली. तिसऱ्या शिरेतून सुई काढताच रक्त आलं. दिवा रक्तात बुडाला आणि सर्जनना काही दिसेना. त्यांनी नळी जरा वळवून तिच्या कडेने ती जागा दाबून धरली आणि मला म्हणाले, "आता अजिबात हलायचं नाही." दादाच्या गळ्यातून बारीक घरघर येत होती. मला कळत होतं की या क्षणी मी त्याच्यासाठी करू शकते ते एवढंच, काही न करणं. माझ्या मनगटांना मुंग्या आल्या, मग त्याही कळेनाशा झाल्या. बऱ्याच वेळाने सर्जननी नळी अलगद सैल केली. रक्त थांबलं होतं.

चार दिवस त्याच्या छातीत दुखलं, ताप आला. मग तो उठून बसला आणि पेज मागितली. महिन्याभरात शाळेत रुजूही झाला. वैशाखात सर्जननी पुन्हा दोन शिरांत औषध घातलं आणि सांगितलं की आणखी दोन-तीन उरल्यात, त्या दिवाळीनंतर बघू. त्यांच्याकडे नवी नळी आली होती, म्हणून जुनी पेटी आणि औषधाच्या सात कुप्या त्यांनी आमच्याकडेच ठेवल्या. त्या मीच कपाटात लावल्या.

श्रावणात दादाला पुन्हा उलटी झाली. या खेपेस बर्फाच्या पाण्याने काही होईना. तीन दिवस पावसाला खळ नव्हता. फोंडाघाटात दरड कोसळून रस्ता बंद झालेला, त्यामुळे त्याला वर कोल्हापूरला नेणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनी सर्जनना तार केली. उत्तर आलं, निघतो आहे.

तोवर काय करायचं? मी डॉक्टरांना म्हटलं, "नळी आहे, औषध आहे. मी डोकं धरते." ते खुर्चीवर बसले. मला ते इतके म्हातारे कधी दिसले नव्हते. म्हणाले, "मी ती नळी एकदाही घातलेली नाही. आज पहिल्यांदा घातली तर माझ्या हातून त्याची अन्ननलिका फाटेल. तुझ्या भावावर मी शिकू का?" त्यांचं बरोबर होतं. मी कितीदा तरी ते सगळं पाहिलं होतं, कशानंतर काय ते झोपेतही सांगितलं असतं. पण मी पाहत आले ते बाहेरून. आत काय दिसतं, शीर कशी ओळखायची, सुई किती घालायची, हे नळीला डोळा लावणाऱ्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा अगदी शुद्धीवर होता. आवाज मात्र खोल गेला होता. मला जवळ बोलावून त्याने विचारलं, "औषध कपाटात आसा मां?"

मी हो म्हटलं.

"मगे घालूक कित्या नाय?"

मास्तर माणूस, सगळ्या गोष्टींचं कारण विचारायची त्याला सवय. मी म्हटलं, कोल्हापूरचे डॉक्टर वाटेवर आहेत. तो "बरा" म्हणाला आणि वहिनीकडे तोंड करून निजला. दिवेलागणीच्या आधी तो गेला. शेवटच्या उलटीच्या वेळी मी त्याचं डोकं धरलं होतं, पण ते कशासाठी धरलंय ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

सर्जन त्यानंतरच्या सकाळी पोचले. दरड पडली होती तिथे ते गाडीतून उतरले, चिखलातून पलीकडे चालत आले आणि तळेऱ्यापर्यंत एका ट्रकमधून, पुढे मिळेल त्या गाडीने आले. गुडघ्यापर्यंत चिखल, धोतराचा सोगा फाटलेला. डॉक्टरांनी पायरीवरच त्यांना सांगितलं. ते तिथेच बसले. मी चहा आणला, तो त्यांनी हातात नुसता धरून ठेवला. मग मला म्हणाले, "मी वेळेत आलो असतो तर तो वाचला असताच, असं मी तुला खोटं सांगणार नाही. पण मी इथे असायला हवं होतं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्यांच्या पायांकडे बघून तो येईना, आणि दुसऱ्या कोणाचा करावा तर तसं कोणी नव्हतं.

ते लगेच परत गेले नाहीत. दोन दिवस राहिले. इस्पितळात अन्ननलिकेत काहीतरी अडकतं म्हणणारा एक म्हातारा खलाशी होता. त्याला तपासताना त्यांनी आमच्या डॉक्टरांना बोलावून नळीला डोळा लावायला सांगितलं. डॉक्टर वाकले, चष्मा काढला, पुन्हा वाकले. साठीच्या त्या माणसाला सर्जन हळू आवाजात सांगत होते, हे इथे, हे त्याच्या खाली. डोकं त्या दिवशी दुसरीने धरलं होतं. दाराशी उभ्या मला दिसत होती ती फक्त त्या दोघांची पाठ.